अननस तिचा, नाव माझं

या, अशा जवळ सरकून बसा. खुर्चीच्या टोकावर नको, नीट टेकून बसा. उपासना संपली रे संपली की चपला शोधायच्या आणि "माई, येते हं" म्हणून पसार व्हायचं, ही काय रीत झाली? इतकी वर्षं कलाकंद खाल्लात, पण माई, तुम्ही हा शिकलात कुठं, असं एकीनंही विचारलं नाही. वड्या मात्र दोन-दोन उचलल्यात. आता मीच सांगते, लिहून काढलंय ते वाचून दाखवते. ऐका, आणि मध्येच मोबाइल बघू नका.

एक होती. अननस हातात घेतला की आधी उलटा करायची आणि त्याच्या बुडाशी नाक लावायची. डोळे मिटून, भर बाजारात. भाजीवाला वैतागायचा. "मावशी, अननस हाय तो, लेकरू नाय."

"लेकराची टाळू हुंगावी तसाच हुंगावा लागतो," ती म्हणायची. "मग तोच सांगतो, पिकलाय का नाय."

आणि खरंच, तिनं निवडलेला अननस कधी आंबट निघाला नाही. मी निवडलेले चारांतले तीन निघायचे. सुरुवात तिथूनच झाली म्हणा ना.

तिचं नाव सांगत नाही. तिला आवडायचं नाही, आणि जुन्या मंडळींना कळेलच. मूळची पेठ गावाच्या पलीकडली, डोंगरातल्या पाड्यावरची. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला, म्हणून अर्धं आयुष्य तिथल्या वसाहतीत गेलं. शेजारी केरळची एक नर्स बाई राहायची, तिच्याकडून ही अननसाचं सगळं शिकली. नवरा रिटायर झाल्यावर दोघं शरणपूरला आमच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहायला आली आणि आपल्या चर्चमध्ये यायला लागली. माझ्याहून चारच वर्षांनी धाकटी. पण मी तिला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं केलं, आणि ती मला 'अहो माई' म्हणत राहिली. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा मला वाटलंसुद्धा नाही.

माझं शिक्षण सातवी. पुढचं जे काही वाचता-लिहिता आलं ते पवित्र शास्त्र वाचून आणि रद्दीतली मासिकं चाळून. पण मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या स्वयंपाकघरात माझा शब्द चालायचा. नाताळ असो, हंगामाचा सण असो, उपासनेनंतर सगळ्यांनी एकत्र जेवायचं जे प्रीतिभोजन, त्यातलं गोड माझ्याकडे. माझा केशरी भात. पाळक बदलले, बाकं बदलली, पंखे बदलले, भात तोच.

त्या वर्षीच्या हंगामाच्या सणाला ती एक डबा घेऊन आली. लाजत, पदराखाली धरून. आत अननसाचा साखरभात. लवंगेचा वास, फोडी काचेसारख्या पारदर्शक, भाताचं शीत न् शीत सुटं. मी म्हटलं, ठेव तिकडे कोपऱ्यात. कोपऱ्यात ठेवलेला डबा पंधरा मिनिटांत चाटूनपुसून साफ, आणि माझं पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं घरी परत आलं.

तीन दिवस आम्ही केशरी भात खाल्ला. तिसऱ्या दिवशी आमचे यजमान ताटाकडे बघत हळूच म्हणाले, "त्या बाईंच्या भातातलं काही उरलं नव्हतं का गं?"

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. ते बिचारे समजले, ताप आलाय. क्रोसिन आणून दिली.

अननसाचं एक वेळ सोसलं असतं. पण तिची प्रार्थना मला सोसवेना. माझी प्रार्थना कशी, तर 'हे सर्वसमर्थ, कृपाळू, स्वर्गीय पित्या' इथून सुरू होणार, आजारी, प्रवासी, राज्यकर्ते सगळे घेऊन वळणावळणानं 'आमेन'ला पोचणार. पाळकबाई एकदा हसत म्हणाल्या होत्या, "माईंनी सुरुवात केली की मी चहा गॅसवर ठेवते, आमेनला बरोबर उकळतो." आणि ही? पातेल्यात डाव फिरवता फिरवता बोलायची, "प्रभू, मीठ बघ रे बाबा, माझा हात वहावतो." संपली प्रार्थना. परात उचलताना, "धर रे जरा." भात उतरला की, "झाला बघ." जसा काही तो पलीकडे कांदे चिरत बसलाय.

मी एकदा घरी करून पाहिलं. दार लावलं, पोळ्या लाटायला घेतल्या आणि म्हटलं, "प्रभू, बघ रे..." पुढं जीभच वळेना. स्वतःच्याच स्वयंपाकघरात मला लाज वाटली. आयुष्यभर मी त्याच्या दारात हात जोडून उभी, आणि ही चौथी शिकलेली बाई सरळ आत जाऊन बसलेली. तुम्ही म्हणाल, माई, देवाच्या घरात कसला हेवा? अहो, मला तर तिथंच सगळ्यात जास्त झाला.

आणि कुणी स्तुती केली, कुणी टाकून बोललं, तरी तिचं एकच ठरलेलं. "असूं दे. प्रभूला ठावं हाय." मी तिला स्वयंपाकघरात सगळ्यांत मागं उभी करायचे, भांडी घासायचं काम मुद्दाम तिच्याकडे ढकलायचे, तेव्हाही हेच. मला त्याचाच जास्त राग यायचा. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मग आला पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर. मी ठरवलं होतं, या वेळी अननसाची बासुंदी, आणि ती मी करणार. कुणाला न विचारता. पण आपल्या शरणपूरमध्ये काही लपतं का? आदल्या दिवशी ती दारात हजर.

"माई, बासुंदी करताय म्हणं. एक सांगू? त्याला आधी साखरेत आच द्या. कच्चा नका घालू दुधात."

मी म्हटलं, "माझी उभी हयात चुलीपुढं गेली. तू मला दूध शिकवणार?"

"नाय हो, माई. मी आपलं..." आणि गेली.

आता खरं सांगते. तिनं सांगितलं नसतं, तर कदाचित मी फोडी शिजवूनही घेतल्या असत्या. पण आता तिनं सांगितलं होतं ना! मग तसं कसं करायचं? सकाळी चर्चच्या मागच्या भट्टीवर बारा लिटर दूध आटवलं. सायीचा छान गुलाबी रंग आला. आणि खिसलेला कच्चा अननस रसासकट वरून ओतला.

दूध फाटायला वेळ लागत नाही, बायांनो. एक डाव फिरवला, दुसरा फिरवला, आणि पातेलंभर चोथा-पाणी. आत पहिलं गीत सुरू झालेलं. बाकीच्या सगळ्या उपासनेला गेलेल्या. दोनशे माणसांचं गोड, आणि मी हातात डाव धरून उभी. मला रडूही येईना.

ती भाताला वाफ आली का बघायला म्हणून मागं आली. पातेल्यात पाहिलं. मी वाट बघत होते, आता म्हणेल, सांगितलं होतं ना. तिनं पदर खोचला, आच मोठी केली, मोठा झारा घेतला आणि ढवळायला लागली.

"साखर द्या इकडं. पाणी आटलं की कलाकंद होतोय बघा."

"आणि नाही झाला तर?"

"हुईल. तुम्ही जा आत. तुमचं शास्त्रवाचन हाय ना आज? नाव पुकारतील."

"अगं, पण आज प्रभुभोजन आहे. तुला भाकर-प्याला..."

वर्षातला सगळ्यात मोठा रविवार, प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. चाळीस दिवस उपवासकाळ पाळलेला. ती मान खाली घालून ढवळतच राहिली. "हे सोडलं तर तळाशी लागंल. जा तुम्ही."

आणि मी गेले. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय. मी गेले. पदरानं घाम पुसला, खणखणीत आवाजात शास्त्र वाचलं. पाळकसाहेब दर वेळी सांगतात तसं त्या दिवशीही म्हणाले, की मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी त्या माणसाकडे जा, समेट कर, मग इथं ये. मला खिडकीतून भट्टीचा धूर दिसत होता. आणि मी उठले, पुढं जाऊन गुडघे टेकले, भाकर घेतली, प्याला घेतला. माझ्या वाटची आणि तिच्याही वाटची, असंच म्हणा.

जेवणं झाली. कलाकंदाच्या वड्या ताटांतून फिरल्या. दाणेदार, आत अननसाची मंद आंबूस चव. पाळकसाहेबांनी दुसरी वडी तोंडात टाकत विचारलं, "अरे वा, ही कुणाची करामत?"

ती दाराशी उभी होती. चेहरा आचेनं लाल, हातावर एक फोड आलेला. म्हणाली, "माईंनी केला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी हसले. नुसतं म्हणायचं होतं, की नाही हो, तिनं केला. चार शब्द. दोनशे माणसांपुढं शास्त्र वाचणाऱ्या माझ्या तोंडाला ते जमले नाहीत.

त्या दिवसापासून 'माईंचा कलाकंद'. दर वर्षी फर्माईश. आता मला येतोय कुठं? मग ती यायची. झारा तिच्या हातात, आणि मी शेजारी 'हं, अजून जरा', 'हं, साखर' असं मोठ्यानं म्हणत उभी. नव्या सुनांना वाटायचं, ही माईंची मदतनीस. तिनं मला वाचवलं होतं, आणि त्यासाठीच मी तिला कधी माफ केलं नाही. असं काही माणसाचं मन असतं का, विचारू नका. माझं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. मुलगा पाड्यावर राहतो, तो न्यायला आला. निघताना ती मला भेटायला आली. माझ्याकडे तेव्हा दोघी-तिघी बसल्या होत्या, म्हणून मी नुसतं म्हटलं, "सांभाळून जा गं." दोघी-तिघी नसत्या तर बोलले असते का, कोण जाणे. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "असूं दे माई, प्रभूला ठावं हाय." मी तर काहीच बोलले नव्हते. मग 'असूं दे' कशाला? त्यावर मी अजून विचार करतेय.

गेल्या ईस्टरला महिला मंडळानं विचारलं, "माई, या वेळी कलाकंद?" मी मन घट्ट करून सांगितलं, "तो माझा नाही. तिचा होता. पहिल्या दिवसापासून तिचा होता."

तर तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? "बघा, माई किती नम्र आहेत!" वर टाळ्या वाजवल्यात. खरं बोलले, तरी माझंच कौतुक! आता हसू नका.

त्या दिवशी प्रभुभोजनाला रांग उठली, तेव्हा मी उठले नाही. पाळकसाहेबांना वाटलं, माझे गुडघे दुखताहेत. मी म्हटलं, "मला आधी एकीला भेटायचंय." म्हणून मी हे सगळं लिहून काढलं, म्हणजे या वेळी कुणाला नम्रपणा सापडायला नको.

तीनदा फोन लावला. सून उचलते. "आई मोहाची फुलं येचाया गेल्यात." मग 'हॅलो, हॅलो' आणि रेंज गेली. खरं तर मीच जायला हवं. ज्यानं अढी धरली त्यानं चालत जायचं असतं. पण मला आता एसटीची पायरी चढवत नाही, आणि तो घाट तर नाहीच नाही.

म्हणून इथं वाचून झाला की हा कागद पेठकडे जाणाऱ्या प्रचारकांबरोबर तुलाच पाठवतेय. हो, तुला. सुनेकडून वाचून घे, सगळं घे, मधलं गाळू देऊ नकोस. आणि ये. गेल्या ईस्टरपासून मी भाकर-प्याला घेतलेला नाही. घ्यायचा तर तुझ्या शेजारी गुडघे टेकून घ्यायचाय, आणि त्या आधी दोनशे माणसांपुढं तुझं नाव घ्यायचंय, खणखणीत. तू आलीस की सगळ्या तुझ्याभोवती जमतील, मला कुणी विचारणार नाही, आणि माझ्या पोटात पुन्हा दुखेल, ते मला आत्ताच माहीत आहे. दुखू दे. तू ये. आमच्याकडेच उतर, पुढच्या खोलीत पलंग घालून ठेवलाय. आणि मला 'अहो' म्हणू नकोस. लवकर ये गं.