जपानी डबा रिकामा कसा द्यायचा?

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. अशी फजिती झालीय माझी!

शिरूरजवळ आमच्या ह्यांच्या कंपनीची कॉलनी आहे. तिथं संक्रांतीच्या सुमारास आशियातल्या देशांच्या संस्कृतींचा मेळावा भरला. महाराष्ट्राचा स्टॉल माझ्याकडे. लेक माझी जपानला नोकरीला, दोन वर्षं झाली, घरी आलेली नाही. "आई, संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते, मला आपला स्टॉल बघायचाय," म्हणाली. मग काय! गुळाच्या पोळ्या, तिळगूळ, बांगड्या, हळदीकुंकवाचा करंडा, वर मण्यांचं तोरण. पोरीला त्या टेबलावर सगळं घर दिसायला नको?

शेजारी जपानचा स्टॉल. तिथं युमी, कंपनीतल्या जपानी इंजिनिअरची बायको. माझ्या लेकीच्याच वयाची, तशीच बारकी. ती लाकडी डब्यात भाताचे गोड लाडू घेऊन आली आणि वाकून माझ्यापुढं धरले. मला भरूनच आलं.

आता तुम्हीच सांगा, आपण कुणाचा डबा रिकामा परत देतो का? मी त्यात तिळगूळ भरून दिला. ती हरखली, आणि घटकाभरात तोच डबा पुन्हा माझ्याकडे! आत कागदाचे पक्षी. मग मी पोळ्या घातल्या. तिनं पंखा आणला. मी बांगड्या दिल्या. तिनं बाहुली आणली. मी करंडा दिला! प्रत्येक वेळी ती थोडं थांबायची, माझ्या पदराला हात लावून बघायची, खुदकन हसायची.

आमचे हे ओरडले, "अगं, लोकं ताटकळल्यात! आन् तुमी दोघी काय घर बदलताय व्हय?"

शेवटी मी तोरणसुद्धा काढून दिलं. त्यावर तिनं आपला कागदी कंदील आणून माझ्या टेबलावर टांगला.

तेवढ्यात स्टॉलना नंबर देणाऱ्या परीक्षक बाई आल्या. मला म्हणाल्या, "जपानचा स्टॉल फार सुरेख मांडलाय हो! पण तुम्ही नऊवारीत कशा?"

आणि नेमका लेकीचा फोन!

"आई, तू जपानच्या स्टॉलवर काय करतीयस? आपला कुठं हाय?"

"ह्योच आपला," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. पोरगी हसून हसून बेजार.

"अगं आई, इथं कुणी काय दिलं की परत काहीतरी द्यावंच लागतं. तू देत ऱ्हायलीस तर ती बिचारी काय करंल? एकदा तरी रिकामा डबा द्यायचा हुतास, तिथंच थांबलं असतं!"

"ते कळत हुतं गं मला," मी म्हणाले, "पण मंग ती परत कशाला आली असती?"