सात नंबरच्या खोलीतले चार दिवस

त्या लॉजमध्ये मावशींना काम करायला लागून सव्वीस वर्षं झाली होती, आणि सात नंबरच्या पलंगावर त्या एकदाही बसल्या नव्हत्या. चादर झटकायची, पसरायची, ताणायची, चारी कोपरे गादीखाली दाबायचे, वरून एकदा हात फिरवायचा आणि आठ नंबरकडे वळायचं. त्यामुळे त्या शुक्रवारी धाकट्या बाईंनी सात नंबरची किल्ली हातात ठेवली, तेव्हा मावशींनी साहजिकच विचारलं, "काय बिघडलंय तिथे?"

"काही बिघडलेलं नाही. तुम्ही राहायचंय," धाकट्या बाई म्हणाल्या. "लेक येतेय ना तुमची? सात तुम्हा दोघांना, आठ तिला, जावयांना आणि नातीला. चार दिवस. खायचं, प्यायचं, समुद्रावर जायचं. आणि मावशी, कशालाही हात लावायचा नाही."

धाकट्या बाई म्हणजे मालकीणबाईंची सून. सासूबाई थकल्यापासून तीन मजली लॉजचा सगळा कारभार त्याच बघायच्या. माणूस चांगलं, पण पोटातलं सहजासहजी ओठांवर येऊ न देणारं. मावशींनी किल्ली घेतली, "बरं" म्हटलं, आणि त्या क्षणापासून त्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सव्वीस वर्षांत न सुचलेला हा लाड आत्ताच कुठून आला? गेल्याच महिन्यात धाकट्या बाई कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, "नवी आता अख्खा मजला एकटीने उरकते." नवी म्हणजे हाताखाली आलेली बाई. येऊन सव्वा वर्ष झालं होतं, घरी दोन लेकरं होती, तरी तिचं नाव नवीच पडलेलं.

"मला घालवायचं चाललंय," रस्त्याने घरी जाताना त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्यांचं घर गावाच्या मागच्या अंगाला, होड्या दुरुस्त करायच्या शेडजवळ. "जाता जाता तोंड गोड करतायत."

"अगं, देतायत तर घ्यावं," नवरा म्हणाला. जन्मभर होड्यांची इंजिनं उघडून बसलेला माणूस; इंजिन चालू आहे तोवर त्याला कसली काळजी नसायची.

आणि त्याने खरंच घेतलं. शनिवारी दुपारी पाहुणे म्हणून आल्यावर दोन तासांत त्याने गॅलरीतली वेताची खुर्ची बळकावली, पाय कठड्यावर टाकले आणि तीन चहा मागवले. जणू जन्मापासून तो ह्याच खुर्चीत होता. जावई आडवे झाले ते तिथेच घोरायला लागले. सहा वर्षांच्या नातीचं घरातलं नाव भिंगरी, ते का हे सगळ्या जिन्याला अर्ध्या तासात कळलं.

मावशी मात्र पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, डॉक्टरांकडे नंबर लावून बसावं तशा.

"आई, नीट आडवी हो ना," लेक म्हणाली.

त्या आडव्या झाल्या. आणि वर बघतात तो काय! पंख्याच्या मागे छताला ओल आलेली, चांगली परातीएवढी. पिवळट कडा, मधे पोपडे. सव्वीस वर्षं ही खोली आपण उभ्यानेच पाहिली, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. किती पाहुण्यांनी इथे लोळत ती ओल बघितली असेल? मावशी ताडकन उठल्या.

"कुठे निघालीस?"

"पाणी प्यायला."

तांब्या उशाशीच होता. लेकीने तो बघितला, मावशींनीही बघितला, आणि त्या तरीही बाहेर गेल्या.

रविवारी उजाडायच्या आत त्यांचे पाय जिन्याखालच्या चादरींच्या खोलीकडे वळले. दाराला कुलूप. किल्ली नवीकडे. स्वतःच्या हाताने लावलेल्या कप्प्यांच्या दाराबाहेर त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, दार ढकलून बघितलं, मग कुणी पाहत नाही ना बघून परत वर आल्या. नऊ वाजता नवी सात नंबर आवरायला आली, तेव्हा मावशींना गॅलरीत बसावं लागलं. आतून चादर झटकल्याचा आवाज आला. एकदाच. दोनदा झटकायची असते. नवी बाहेर पडली तशा मावशी आत शिरल्या, चादर उपसून काढली आणि पहिल्यापासून घातली. शेवटचा कोपरा दाबत असताना दारात पावलं वाजली. नवी बादली विसरली होती.

तिने चादरीकडे बघितलं. बादली उचलली आणि गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

समुद्रावर लेकीने चटई अंथरली होती. जावई आणि भिंगरी पाण्यात. मावशी बसल्या त्या समुद्राकडे पाठ करून, लॉजकडे तोंड करून. बारा नंबरचा पडदा अजून ओढलेलाच. साडेअकरा वाजले. म्हणजे नवी मागे पडलीय. की पाहुणे उठले नाहीत? दहाची खिडकी उघडी आहे, वारा आत वाळू आणणार...

भिंगरी ओल्या अंगाने धावत आली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजी, समुद्र तिकडे आहे."

"माहितीय गं मला. पळून नाही जात तो."

"आई, आजी इथे राहायला आलीय की कामाला?"

लेक हसली नाही. दुपारपर्यंत मावशी तीनदा गायब झाल्या होत्या. एकदा साबण संपलाय का बघायला, एकदा नळ बंद करायला, एकदा नुसत्याच. जेवायला सगळे खोलीवर आल्यावर लेक म्हणाली, "मी लहान असताना ठीक होतं. तेव्हा तुला सुट्टी नव्हती. सगळी पोरं वाळूत खेळायची आणि मी जिन्याखाली बसून उशांच्या खोळी उलट्या-सुलट्या करायचे. मला त्याचं काही वाटत नाही. पण आता कोण सांगतंय तुला?"

"वाटत नाही म्हणतेस आणि बोलून दाखवतेस."

"वाटतं मग. झालं?"

गॅलरीतून नवऱ्याने विचारलं, "चहा सांगू का सगळ्यांना?" लेक ओले टॉवेल पिळायला निघून गेली. त्याने स्वतःपुरता सांगितला.

सोमवारी अकराच्या सुमाराला समुद्रावरून मावशींना लॉजसमोर बस थांबलेली दिसली. मोठी बस. माणसं उतरतच होती. हा कुठल्याशा कारखान्याचा अडतीस जणांचा गट उद्या यायचा होता. तारीख वहीत मावशींनी स्वतः वाचली होती. नऊ खोल्या, आणि नवी एकटी.

"चपला टोचतायत, बदलून येते," त्या म्हणाल्या आणि निघाल्यासुद्धा. वाळूत पाय रुतत होते, गुडघा कुरकुरत होता, पण दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना आपण कुठे चाललोय ते माहीत होतं.

चादरींची खोली उघडी होती. दहा-बारा चादरी काखेत मारून त्या जिन्याला लागल्या. पहिला मजला झाला. पुढच्या वळणावर उजवा गुडघा अचानक आतल्या आत अडकला, दार चौकटीत फसावं तसा. पुढे जाईना, मागे येईना. मावशी कठडा धरून खाली सरकल्या आणि पायरीवर बसल्या. मांडीवर चादरींचा गठ्ठा. समोरून पाहुणे बॅगा घेऊन चढत होते. एक बाई "जरा सरकता का?" म्हणाली, आणि त्यांना सरकताही येईना.

वरून नवी आली. मावशींना बघून थबकली, पाहुण्यांना वाट करून दिली आणि शेजारी बसली.

"वरचं झालंय सगळं," ती म्हणाली.

"एवढ्यात?"

"कालच लावून ठेवल्या होत्या खोल्या. बस एक दिवस आधीही येऊ शकते, तयार असावं, असं तुम्हीच म्हणाला होतात मला. पहिल्या आठवड्यात."

मावशींना आपण असं कधी बोललो ते आठवेना.

"मावशी, एक बोलू? राग मानू नका. चादर चुकली असेल तर मला तोंडावर सांगा, चार शब्द बोला हवं तर. पण मी गेल्यावर येऊन परत घालू नका. मग मला कळतच नाही माझं कुठे चुकतंय. घरी जाऊन तेच डोक्यात घोळत राहतं."

"एकदाच झटकलीस तू," मावशी म्हणाल्या. "दोनदा झटकायची. एकदा डोक्याकडून, एकदा पायाकडून."

"हे झालं ना!" नवी म्हणाली. "सव्वा वर्षात आज सांगताय."

तेवढ्यात खालून धाकट्या बाई आल्या आणि त्यांच्या मागोमाग लेक, अनवाणी, पायांना वाळू. मावशींनी दोघींकडे बघितलं. पायरीवरून उठता येत नाही अशा वेळी माणूस भीड ठेवत नाही.

"बाई, खरं सांगा. मला घालवायचं चाललंय का?"

धाकट्या बाई एक पायरी वर आल्या. एरवी तोलून बोलणाऱ्या त्या या वेळी सरळच म्हणाल्या, "घालवायचं नाही. पण गुडघ्यासाठी तुमचा जिना बंद करायचा विचार आहे. वरचे दोन्ही मजले नवीला. तुमच्याकडे चादरींची खोली, तळमजल्याच्या चार खोल्या आणि नवीच्या कामाची तपासणी. चार दिवस तुमच्याशिवाय कसं चालतंय ते बघायचं होतं. आधी सांगायला हवं होतं. मला जमलं नाही."

"गुडघ्याचं तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर कधी..."

धाकट्या बाईंची नजर लेकीकडे गेली. तेवढ्यावरूनच मावशींना कळलं. त्यांनी लेकीकडे मान वळवली.

"तू?"

"मीच फोन केला होता," लेक म्हणाली. "अगदी धडधाकट असल्याचं तू मला फोनवर सांगत होतीस, म्हणून."

"माझ्या पाठीमागे? माझ्या कामाच्या ठिकाणी? मी काय दूधपिती आहे?" मावशींचा आवाज इतका चढला की पहिल्या मजल्यावरचं एक दार उघडून पुन्हा मिटलं. "सव्वीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नाही माझ्याकडे, आणि तू, पोटची पोर..."

लेक दोन पायऱ्या वर येऊन त्यांच्या समोर बसली. "आई, मी ह्या जिन्याखाली वाढले. डोक्यावर दिवसभर तुझी पावलं. तू कितव्या पायरीवर आहेस ते मी खोळी घालता घालता सांगायचे. मागच्या वर्षी आले होते ना मी तुला घ्यायला, तेव्हा खाली उभी राहून ऐकलं. एक पाऊल वाजत होतं आणि दुसरं घासत होतं. मधे तू थांबत होतीस. मला खाली उभं राहवेना."

मावशींनी मांडीवरच्या चादरींची वरची घडी सारखी केली. मग पुन्हा केली. ती आधीच सारखी होती.

"निदान मला विचारायचं तरी," त्या शेवटी म्हणाल्या.

"तू काय म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते."

नवीला हसू आवरलं नाही. मग धाकट्या बाईही हसल्या. मावशी हसल्या नाहीत, पण नवीने एका बाजूने आणि लेकीने दुसऱ्या बाजूने धरून उठवलं, तेव्हा त्यांनी हात झिडकारले नाहीत. त्या दिवशी त्या लेकीशी जेवढ्यास तेवढंच बोलल्या. नवऱ्याला त्यांनी संध्याकाळी विचारलं, "तुम्हालाही माहीत होतं?" त्याने कपात बघून चहा निवला असल्याचं जाहीर केलं. म्हणजे माहीत होतं.

चौथ्या दिवशी भिंगरी ऐकेना. हाताला धरून ओढतच तिने आजीला पाण्यापर्यंत नेलं. मावशींनी समुद्र बघितला नव्हता असं नाही. रोज सकाळी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून अभ्रे झटकताना तो समोर असायचाच. पण पाय भिजवून किती वर्षं झाली, ते सांगता आलं नसतं. पहिली लाट आली तशी पायाखालची वाळू सरकली आणि त्यांनी नातीचा खांदा घट्ट धरला.

"घाबरलीस?"

"तू पडशील म्हणून धरलं."

लेक मागून येऊन शेजारी उभी राहिली. थोड्या वेळाने मावशी म्हणाल्या, "तळमजल्याच्या चार नाही, सहा खोल्या सांग तिला. चारांत माझा दिवस नाही जायचा."

"तूच सांग. मी आता मधे पडणार नाही."

"आता शहाणपण सुचलं," मावशी म्हणाल्या, आणि गुडघ्यापर्यंत भिजून लगेच मागे फिरल्या. जावयांचं सामान आवरायचं होतं ना!

धाकट्या बाईंनी पाच खोल्यांवर तडजोड केली. पहिले काही दिवस मावशींना फार जड गेले. वर पावलं वाजायची आणि त्या हातातलं काम थांबवून मान वर करायच्या: आता नवी दहामध्ये, आता बारामध्ये, आता एवढा वेळ का लागतोय? दोनदा त्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून परत आल्या. एकदा ठेवून परत आल्या नाहीत, आणि नवीनेच त्यांना हाताला धरून खाली आणून सोडलं. सात नंबरच्या छताची ओल मात्र त्यांनी पाठीस लागून महिन्याभरात काढून घेतली. लेकीने एक वचन घेतलं होतं: दुपारी तीन वाजता, हातात काम नसेल तेव्हा, समुद्रावर जाऊन बसायचं. त्या जातात. वाळूत बसतात, उठतात, चपला झटकतात, पुन्हा बसतात, आणि दहा मिनिटांत लॉजच्या मागच्या दाराने आत येतात.

"आज गेली होतीस?" लेक फोनवर विचारते.

"गेले होते की."

"किती वेळ बसलीस?"

"पुष्कळ," मावशी सांगतात.