चौकशीला आलेला माणूस

अक्काचा पगार बंद झाला तेव्हा माझा पहिला संशय किराणा दुकानदारावर गेला. पगार म्हणजे नोकरीचा नव्हे. अपंगांना सरकार महिन्याला जे देतं त्याला आमच्याकडं पगारच म्हणतात. अक्का माझी थोरली बहीण. लहानपणी तापात तिचा डावा पाय गेला, तेव्हापासून ती काठीवर चालते. लग्न झालं नाही, माझ्याजवळच असते. अंगठ्याची मशीन घेऊन गावात येणारा बँकेचा माणूस दोन महिने तिला "आला न्हाई, अक्का" एवढंच सांगून जात होता. तिसऱ्या महिन्यात मी शाळेतून रजा काढली आणि कमलनगरच्या कचेरीत गेलो.

कारकुनानं यादी काढली. आमचा भाग कर्नाटकात, म्हणून अक्काच्या नावापुढं कन्नडात शेरा होता: आधाराशिवाय चालते, घरकाम करते, घरची परिस्थिती चांगली. मी तो दोनदा वाचला.

"हे कुणी सांगितलं?"

"चौकशी झालीया, गुरुजी. तुमच्या गावातच."

"न बघता नाव कापलं?"

"वरून आदेश हाय. नावं कमी करायचीत." हे त्यानं चहाचा घोट घेता घेता सांगितलं.

'गावातच' हा शब्द घेऊन मी परत आलो. तो शब्द माझ्या डोक्यातून पुढं कितीतरी दिवस गेला नाही.

तो पगार मोठा नव्हता, पण अक्काचा होता. तिचा साबण, तिचं डोक्याचं तेल, पायाला चोळायचं मलम, माझ्या मुलीला जत्रेतल्या बांगड्या, सगळं त्यातून यायचं. माझी बायको वाईट नाही, मागितलं तर देईल. पण मागावं लागतं, आणि अक्कानं आजवर कुणाला काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. पगार थांबला तशी ती सकाळी अर्धाच कप चहा घ्यायला लागली. विचारलं तर म्हणायची, "पोटात जळजळतंय." ते खोटं आहे हे मला कळत होतं. मला तिची कीव यायची आणि कीव आली की राग यायचा.

राग काढायला दुकानदार बरा सापडला. त्याच्याशी आमचा नालीवरून वाद होता आणि त्या आठवड्यात त्यानं दोनदा "अक्का बरी हाय न्हवं?" असं उगाच गोड विचारलं होतं. मग संशय स्टँडवरच्या हॉटेलवाल्यावर गेला. सगळ्या गावाच्या बातम्या त्याच्या बाकड्यावर बसतात. मी तिथला चहा सोडला. मग शेजारच्या काकूंवर, कारण त्या अचानक मागच्या दारानं यायच्या बंद झाल्या होत्या. एका दुपारी तर मी बायकोलाच विचारलं, "तुझ्याकडं कुणी आलतं का काही इचारायला?" तिनं तव्यावरची भाकरी तशीच ठेवली. "आता माझ्यावर बी? उद्या आरशावर घ्या संशय."

मी एकटाच असा झालो होतो असंही नाही. बुद्धविहारामागच्या आंधळ्या म्हाताऱ्याचा पगार थांबला होता, वेशीजवळच्या विधवेचा थांबला होता. प्रत्येकाला वाटायचं, आपलं कुणीतरी सांगितलं. मी म्हणालो, सगळे मिळून अर्ज करू. कुणी अंगठा उठवायला तयार होईना. ज्यांचा पगार चालू होता ते आमच्या दारात थांबेनासे झाले. सरकारनं नावं कापली आणि आम्ही एकमेकांचा गळा धरायला निघालो होतो. हे मला कळत होतं, तरी दुकानदार दिसला की मी रस्ता बदलायचो. अक्का एवढंच म्हणायची, "जाऊ दे की. कामून डोकं लावायलास?" तिचं ते गप्प राहणं मला तिचा सोशिकपणा वाटला.

शेवटी हॉटेलवाल्यानंच मला स्टँडवर अडवलं.

"गुरुजी, चहा कामून सोडलाव? माझं काय चुकलं?"

मी सरळ विचारलं, "अक्काबद्दल कुणाला काय सांगितलंस?"

तो गोंधळला. म्हणाला, पावसाळ्याआधी एक माणूस मोटरसायकलवर आला होता. पांढरा शर्ट, काखेत बॅग. काम काय ते सांगितलं नाही. चहा घेतला आणि तुमचं घर विचारलं. शेती किती, भाऊ काय करतो, घरातली बाई कामाला कशी आहे.

आता इथं आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्या सीमेवर सोयरीक उदगीरकडून येते, बीदरकडून येते. पाहुणे यायच्या आधी त्यांचा एक माणूस एकटाच येतो, कामाचं बोलत नाही, स्टँडवर चहा पितो आणि घराची चौकशी करतो. गाव ओळखतं आणि चांगलंच सांगतं. नालीवरून भांडण असलं तरी त्या दिवशी चांगलंच सांगायचं असतं.

"म्या म्हनलो, घर सोन्यावाणी हाय. दुकानदार बी बसला होता, त्यो बी तेच म्हनला. आपल्यात कुणी वाईट सांगतंय व्हय?"

"पण माझी पोर चौथीत हाय. सोयरीक कुणाची?"

त्यानं फडकं उगाच बाकड्यावरून फिरवलं. "आमाला वाटलं, अक्काची. कुणीतरी बिजवर असंल. तुमच्या शेजारच्या काकूच पळत गेल्या घरी सांगायला. त्यो परत आला न्हाई, तवापास्नं त्या लाजून तुमच्याकडं येईनात."

मी घरी आलो. बायको शेतात होती. अक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि हॉटेलवाल्यानं सांगितलेलं सगळं सांगितलं. ती शेंगा फोडतच राहिली.

"घरी बी आलता त्यो," ती म्हणाली. "तुम्ही दोघं न्हवतावं."

"मग?"

"म्या काठी कणगीमागं ठिवली. हिरवं लुगडं नेसले. भिताडाला धरून धरून चहा आणला, अन् शेवटची चार पावलं हात सोडून. कप सांडला न्हाई."

 आमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी तिला बघायला पाहुणे यायचे तेव्हा आम्ही अक्काला काकूंच्या घरी पाठवायचो. लंगडी बहीण दिसली तर सोयरीक मोडेल म्हणून. ती मुकाट्यानं जायची. मीच तिला सोडायला जायचो.

"त्यानं इचारलं, काठी लागती का. म्या न्हाई म्हनले." तिनं टरफलं गोळा केली. "तू समद्यांवर संशय घ्यायलास, ते बघवंना. पण सांगू कसं?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराकडं गेलो आणि माफी मागितली. तो पांढरा शर्ट म्हाताऱ्याकडं आणि विधवेकडंही गेला होता, तिथंही लोकांनी त्याला घरातल्या पोराबाळांच्या सोयरिकीचा माणूस समजून अशीच स्तुती केली होती. खरं कळल्यावर लोक अर्जावर अंगठे द्यायला आले. सुनावणीच्या दिवशी आम्ही एकाच जीपमधून कमलनगरला गेलो.

टेबलामागं चौकशीला आलेला तोच माणूस बसला होता. अक्कानं त्याला ओळखून पदर सावरला. मी त्याला म्हणालो, "साहेब, तुम्ही कोण ते सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती. चोरून चौकशी करायला हे लोक गुन्हेगार हायत का?" तो म्हणाला, सांगितलं की लोक लंगडायला लागतात. मग अक्काला विचारलं, "काठी लागते का?"

"लागती."

"मागं नाही म्हणाला होतात."

माझा हात तिच्या खांद्याकडं गेला, पण ती बोलून गेली होती. "तवा मला वाटलं, तुमी पाहुणे हाव."

खोलीत कुणी हसलं नाही. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, खिडकीपर्यंत चालून दाखवा. अक्का काठी टेकत, पाय ओढत, खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. त्यानं काहीतरी लिहिलं. काय, ते दाखवलं नाही.

पगार अजून सुरू झालेला नाही. दुसरा अर्ज दिलाय, तिसराही देईन.

परत येताना जीपमध्ये ती माझ्याशेजारी बसली होती. काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरलेली.  गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "चहा चांगला झालाय म्हनलता त्यो."