शर्यतीचं गाऱ्हाणं

पन्नासनंतरच्या त्या वर्षांत रत्नागिरीत खाजगी मोटारी मोजक्याच होत्या आणि त्यांतल्या दोन एकमेकींशी बोलत नसत. एक माझ्या काकांची, दुसरी पलीकडच्या आळीतल्या कंत्राटदारांची. दोघेही नगरपालिकेच्या निवडणुकीत एकाच जागेला उभे. एका मुंजीत शब्दाने शब्द वाढला आणि ठरलं, बंदरापासून हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत मोटारी पळवायच्या. हरेल त्याने उमेदवारी मागे घ्यायची.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो. तेवढ्यावर मला हुशार समजून काकांनी हेरगिरीवर नेमलं. कंत्राटदारांच्या पडवीत बसलो, चहा झाला, घावन झालं, आणि बातमी आणली ती ही, की त्यांच्या मोटारीच्या गादीला नवं कापड आलंय. काकांनी मला पुन्हा पाठवलं नाही.

आमचं गुपित मात्र भक्कम होतं. आमची मोटार चढणीला तापून बसायची आणि वाटेत विहीर नाही. म्हणून काकांनी अर्ध्या चढणीत, काजूच्या झाडामागे पाण्याचे डबे आदल्या दिवशी लपवून ठेवले. घरात काकूलाही पत्ता नव्हता.

सकाळी निघण्याआधी रिवाजाप्रमाणे देवळात गाऱ्हाणं. काय मागायचं, असं गुरवाने हळूच विचारलं. काकांनीही हळूच सगळं सांगितलं; देवापासून काय लपवायचं? गुरवाचा आवाज खणखणीत.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरं आज मोटार घेऊन निघाली हायत. अर्ध्या चढणीत काजूच्या मागे पाण्याचे डबे ठेवलेत, ते तेवढे सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. मागे उभ्या असलेल्या कंत्राटदारांच्या ड्रायव्हरचा होकार सगळ्यांत भाविक होता.

चढणीत ते आमच्या पुढे होते. आम्ही वाफ सोडत काजूपाशी पोचलो, तर डबे रिकामे. नीट उपडे घालून ठेवलेले.

काका माझ्याकडे वळले. "मेल्या, घावन खाताना काय काय बोललास तिथे?"

"काका, मला डब्यांचं आज देवळातच कळलं."

काकांनी एक डबा सुलटा करून आत पाहिलं.

तिठा गाठून परतताना कंत्राटदारांनी मोटार थांबवली आणि, या, कचेरीपर्यंत सोडतो, म्हणाले. उमेदवारी मागे घ्यायला काका त्यांच्याच मोटारीतून गेले. आमच्या पाण्यावर ती फार छान चालत होती.