ओल नव्हती

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

सोनाळ्याच्या पलीकडे आमचं गाव. तिथलं बुद्धविहार फार जुनं, लांबून लोक पाहायला येतात. अंगणाच्या भिंतीवर माझ्या बालमित्रानं, गुलाबनं, चित्र काढलं होतं. धम्म सांगणारे तथागत, आणि समोर ऐकत बसलेली माणसं — चेहरे सगळे आमच्याच गावचे, एकेकाला समोर बसवून काढलेले. दुपारी लिंबाची सावली भिंतीवर हलू लागली की माणसं डोलताहेत असं वाटायचं. माझी आई त्यात होती. ती वारली, तरी तिथं डोलत राहिली.

आणि पहिल्या रांगेत एक बिनचेहऱ्याचं धड. ते माझं.

गुलाबचा काय दोष? "घडीभर बस ना बे," म्हणून त्यानं कितीदा बोलावलं. मी मलकापुरात कापसाच्या भावावरून भांडत होतो. पण कुणीतरी हसत म्हणालं, "शेठ, तुमचं मुंडकं कुठी हाय?" — आणि माझं डोकंच फिरलं. शून्यातून वर आलेला माणूस मी, अन् माझ्याच गावात माझी ही थट्टा? तो राग मी वर्षानुवर्षं जपला. हो — जपलाच.

कापसाच्या ढिगात हात खुपसून ओल सांगणं, हा माझा धंदा. माझ्या तळव्यावर गावाचा विश्वास. विहाराची डागडुजी निघाली तेव्हा समितीनं मलाच विचारलं. मी भिंतीला हात लावला. उन्हानं कोमट झालेली, खडखडीत कोरडी भिंत. मी म्हणालो, "ओल हाय. सगळं खरवडून नवा गिलावा करा."

खरवडायला गुलाबच पुढे आला. दुसऱ्याचा हात नको म्हणाला. झोपेत असल्यासारखा तो एकेका चेहऱ्यावरून पत्रा फिरवत गेला. रंगाची भुकटी उन्हात तरंगत राहिली. आईच्या चेहऱ्यापाशी थांबला. माझ्याकडे पाहिलं. सौद्यात भल्याभल्यांना गप्प करणारा मी — "थांब" एवढं म्हणता आलं नसतं? आलं असतं. म्हणालो नाही.

आता भिंत पांढरी आहे. मागच्या पौर्णिमेला परगावच्या लोकांनी विचारलं, इथलं चित्र कुठं गेलं?

"ओल धरली होती, भाऊ," गुलाब म्हणाला. "या शेठनं सोता हात लावून पाह्यला. याचा हात कधी चुकत नाही."

ते माझ्याकडे वळले.

"हाव," मान डोलावत मी म्हणालो.