मेश्राम आणि चौथी पेटी

पेटी उघडण्याआधी मेश्राम तिच्या झाकणावर दोनदा टकटक करत, दार वाजवावं तशी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आत उंदीर असतील.

"आत माणसं आहेत बाई," ते म्हणाले. "एकदम कसं घुसायचं?"

फिलाडेल्फियाबाहेरच्या एका गावात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं छोटं ग्रंथालय होतं. ऐंशीच्या दशकात मी तिथे टाइपिंग करत असे आणि मेश्राम तळघरात बसून जुने कागद लावत. मूळचे नागपूरकडचे, बौद्ध, पन्नाशी उलटलेले. हिवाळ्यात एकावर एक दोन स्वेटर. आमच्या वाट्याला आले होते एका शाळामास्तरांचे खाजगी कागद. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा या मास्तरांनी गावची मुलं शिकवली आणि गावाचा पहिला इतिहास लिहिला. त्यांचं नाव मी सांगत नाही. ते गावातल्या रस्त्याला, शाळेला आणि एका पार्किंग लॉटला दिलेलं आहे, तेवढं पुरे.

क्वेकर मंडळी साधी. इतकी साधी की त्या साधेपणाला कडक इस्त्री असे. पदव्या नाहीत, सर-मॅडम नाही, सगळ्यांना नावाने हाक. ग्रंथालयाच्या कमिटीच्या प्रमुखांना 'मार्था' म्हणताना माझी जीभ सहा महिने अडखळली. मनात मी त्यांना अजून मार्थाबाईच म्हणते. त्यांच्या बैठकीत मतदान नसे. सगळे गप्प बसत. ज्याला आतून वाटेल तो उठून बोले. कोणी उठलं नाही तर प्रमुख म्हणत, "सर्वांची संमती दिसते," आणि ठराव होई. आमच्याकडच्या सभा पाहिलेल्या मला हे फार सुसंस्कृत वाटायचं.

चौथ्या पेटीत सात पानं निघाली. मास्तरांच्या हातची, घाईघाईची. पहिलं झाड कुठे तोडलं, कुणाचं शेत कुठल्या ओढ्यापर्यंत, कुठल्या साथीत कोण गेलं. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी तेच दोन शब्द : 'फीबी सांगते'. मेश्रामांनी छापील इतिहास उघडला. पहिली दोन प्रकरणं म्हणजे हीच सात पानं, नीट कपडे घातलेली. फीबीच्या जागी 'एका वृद्ध रहिवाशाकडून'.

"ही कोण फीबी?" मी विचारलं.

मेश्रामांनी दुसरा कागद पुढे सरकवला. मास्तरांच्या घरातल्या चीजवस्तूंची यादी होती. भिंतीवरचं घड्याळ आणि दुभती गाय यांच्या मधे लिहिलं होतं : फीबी, म्हातारी, गुलाम.

त्यांनी यादी परत पेटीत ठेवली. मग म्हणाले, "माझ्या बापाला गावची शीव पाठ होती बाई. महाराचं कामच होतं ते. दोन गावांचं भांडण लागलं की त्याला बोलवत. तो दगडन् दगड दाखवे. आमच्या गावच्या गुरुजींनी गावाचा इतिहास लिहिला, तेव्हा बापाला महिनाभर अंगणाखाली उभं करून विचारून राहिले होते. पुस्तक छापून आलं. बापाला वाचता येत नव्हतं. त्यानं मले म्हटलं, पाह्य रे, माझं नाव कुठं आहे?"

"होतं?"

"'जाणकार ग्रामस्थांकडून.' मी नऊ वर्षांचा होतो. मी म्हटलं, आहे नं बाबा, इथं आहे. बोट ठेवून दाखवलं."

माझ्या माहेरी असले तीन-चार ग्रामइतिहास कपाटात होते. जाणकार ग्रामस्थ कोण, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडल्याचं मला आठवत नाही.

मेश्रामांनी सात पानांचं वेगळं फोल्डर केलं आणि पेन्सिलीने मथळा लिहिला : 'गुलाम स्त्री फीबी हिने सांगितलेला गावाचा इतिहास'. मास्तरांच्या नावाच्या शाळेचा वर्धापनदिन जवळ आला होता, कॅटलॉग छापायचा होता. मार्थाबाई खाली आल्या, मथळा वाचला आणि अतिशय मृदू आवाजात म्हणाल्या, "मित्रा, हे खरं आहे. पण याच वर्षी सांगायला हवं का? 'संकीर्ण टिपणं' म्हटलं तर खोटं होत नाही." कमिटीने ठरवावं असं ठरलं.

त्याच सुमारास मेश्रामांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आवाज गेला. खिशात एक छोटी वही आली. बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला आणि वहीत लिहिलं : 'उद्या हे वाचा. माझ्यासाठी नाही. तिच्यासाठी.'

बैठकीत मार्थाबाईंनी विषय सांगितला आणि सगळे गप्प झाले. मेश्राम माझ्या शेजारी होते. कागद माझ्या मांडीवर होता. मी वाट पाहत होते, की आता कोणी म्हणेल, मेश्रामांचं काही म्हणणं आहे का? विचारल्याशिवाय मोठ्यांच्या सभेत बोलू नये, हे माझ्या अंगात मुरलेलं. तिथे कोणी कोणाला विचारत नसे, हेही मला ठाऊक होतं. दोन वर्षं मीच त्यांची इतिवृत्तं टाइप करत होते. मेश्रामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. नंतर पाहिलं नाही.

"सर्वांची संमती दिसते," मार्थाबाई म्हणाल्या.

जिन्यात मी काहीतरी सबबी सांगू लागले. त्यांनी वही काढली. 'तुम्ही पुण्याच्या. पाटावर बसा म्हटल्याशिवाय बसत नाही.' खाली लिहिलं : 'फीबीला कोण बसा म्हणणार?' चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

कॅटलॉग छापून आला. चौथी पेटी, संकीर्ण टिपणं. मेश्राम दोन महिने अजून कामावर आले. टकटक चालूच होती. पूर्वी तिच्यामागून येणारे चार शब्द तेवढे आता नव्हते. फेब्रुवारीत ते गेले. घरच्यांनी त्रिशरण-पंचशील म्हणून निरोप दिला. पुढच्या आठवड्यात ग्रंथालयाने त्यांच्या पद्धतीची शोकसभा ठेवली. तीच खोली, तीच कमिटी, तीच शांतता. एकजण उठून म्हणाले, मेश्राम फार शांत गृहस्थ होते.

मी उठले. कोणी बोलावलं नव्हतं. पर्समधला मेश्रामांचा कागद काढून वाचला : "चौथ्या पेटीतली सात पानं मास्तरांच्या अक्षरात आहेत, पण त्यांची नाहीत. ती फीबीची आहेत. ती त्यांच्या घरी गुलाम होती. तिला विचारलं, तिने सांगितलं, आणि तिचं नाव गाळलं. ते फोल्डरवर असावं, अशी माझी विनंती आहे." एवढंच होतं. मी बसले.

कोणी काही बोललं नाही. मार्थाबाई जमिनीकडे पाहत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी रिवाजाप्रमाणे शेजाऱ्याशी हस्तांदोलन केलं आणि सभा संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेश्रामांचा मथळा जसाच्या तसा टाइप केला आणि तळघरात गेले. मार्थाबाई मागोमाग आल्या. "हे कोणी ठरवलं?" त्यांनी विचारलं.

"काल सगळ्यांनी," मी म्हटलं. "कोणीच काही बोललं नाही."

त्या जिना चढून गेल्या. छापलेल्या कॅटलॉगमध्ये आजही संकीर्ण टिपणंच आहेत, आणि जे वाचतात ते कॅटलॉगच वाचतात. ज्यांना ते फोल्डर दाखवायचं होतं त्या दोघांपैकी एकाला, मेश्रामांच्या वडिलांना, वाचता येत नव्हतं आणि दुसरे आठवड्यापूर्वी गेले होते. मी चिकटपट्टी हातात घेऊन पेटीसमोर जरा वेळ उभी राहिले. मग झाकणावर दोनदा टकटक केली आणि पेटी उघडली.