ती परत कावून गेली

चौतीस वर्षं मी अमरावतीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. फळ्यावर 'भीती' असा शब्द लिहून त्याखाली बाण काढायचे, बाणांखाली आणखी बाण, आणि मुलींनी ते वहीत उतरवून घ्यायचे. निवृत्त झाल्यावर राजापेठेतल्या माझ्या घराच्या खालच्या मजल्यावर ट्यूशन क्लासवाले भाड्याने आले, त्यामुळे संध्याकाळी जिन्यात चपलांचा ढीग असतो आणि तो पायाने सारत, कुरकुरत मला वर जावं लागतं. त्या ढिगात उभी असतानाच मला अकोल्याच्या सरकारी वकिलांचा फोन आला.

खटला जिच्यासाठी होता ती मुलगी पातूरच्या पुढच्या एका गावची होती, एकोणीस वर्षांची. बाप नाही, आई निंदण-खुरपणाला जाणारी, पाठची बहीण सातवीत. शेजारच्या गावातली एक बाई, जिला सगळेच मावशी म्हणायचे, 'चांगलं स्थळ आहे' सांगून तिला पार दुसऱ्या राज्यात घेऊन गेली. तिथे एका घरात पैसे घेऊन तिला देऊन टाकलं, आणि त्या घरातल्या माणसांनी तिचं जे करायचं ते केलं. पाच महिन्यांनी चुलतबहिणीच्या लग्नाला मावशीच तिला गावी घेऊन आली. मुलगी चार दिवस आईच्या घरी राहिली, कुणापाशी चकार शब्द बोलली नाही, आणि मावशीबरोबर परत गेली. पुढे दुसऱ्या एका मुलीने तिकडच्या पोलिसांना गाठलं म्हणून दोघी सुटल्या आणि मावशी पकडली गेली.

"आमची केस त्या चार दिवसांवर अडून राहिली आहे, मॅडम," वकील म्हणाले. "बचाव पक्ष म्हणतो, परत गेली म्हणजे खुशीनं गेली. अशा मुली पळत नाहीत, बोलत नाहीत, परतसुद्धा जातात, हे कोणीतरी जाणत्यानं कोर्टाला सांगितलं पाहिजे. तुम्ही या. अन् एकदा तिच्याशी बोलून घ्या."

मी येते म्हटलं, पण मुलीशी बोलणार नाही, असंही ठणकावून सांगितलं. माझे वडील वकील होते. साक्षीदाराशी जिन्यातसुद्धा बोलायचं नाही, असा आमच्या घरचा दंडक. पक्षकाराच्या घरून आलेला आंब्याचा करंडा आईने दारातूनच परत पाठवलेला मी पाहिला आहे. त्या शिस्तीचा मला फार अभिमान. मी शास्त्र सांगणार, मुलीची बाजू घेणार नाही, मग माझ्या शब्दाला वजन येईल, असं मी वकिलांना ऐकवलं. ते बिचारे "ठीक आहे, मॅडम" म्हणाले. आज वाटतं, त्यांनी मला फोनवरच झापायला हवं होतं.

साक्ष व्हायला तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते, दुसरीला आरोपीचे वकील आले नाहीत. सकाळची एस.टी. पकडायची, मूर्तिजापूरला चहा प्यायचा, अकोल्याला उतरून उन्हात कोर्ट गाठायचं आणि दुपारी पुढची तारीख घेऊन परत यायचं. दोन्ही वेळा ती मुलगी आणि तिची आई व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या होत्या. तिची स्वतःची साक्ष केव्हाच झाली होती, येण्याची गरज नव्हती. पण येऊ नका असंही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्या रोजी बुडवून दर तारखेला येत. मी कोण ते वकिलांनी तिला सांगितलं असावं. दुसऱ्या तारखेला ती उठली, माझ्याजवळ आली आणि पाण्याची बाटली पुढे केली. "घ्या ना मॅडम, थंडं हाये." मी मान हलवून नको म्हटलं आणि पर्समधला कागद काढून वाचायला लागले. तो कागद लाइट बिलाचा होता. थोड्या वेळाने मी उठून व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. घसा कोरडा पडला होता तरी स्वतःवर खूश होते मी.

तिसऱ्या तारखेला शिपायाने माझ्या नावाचा पुकारा केला. आत कूलर घरघरत होता, आणि त्याच्या वाऱ्याने फायलींची पानं उडू नयेत म्हणून बाबूने त्यांवर स्टेपलर, डबा, चष्म्याचं घर असं हाताला लागेल ते ठेवलं होतं. मावशी मागे उभी होती. मला वाटलं होतं, काहीतरी कराल चेहरा असेल. साधी बाई होती हो, माझ्या वयाची, डोक्यावर पदर, हातात रुमाल. आमच्याकडे पापड लाटायला येणाऱ्या बाईसारखीच.

सरकारी वकिलांनी विचारलं ते मी नीट सांगितलं. माणूस घाबरला की नेहमी ओरडतोच असं नाही, कधी गप्प होतो. ज्याच्या हातात आपलं बरंवाईट असतं त्याची मर्जी सांभाळतो. दार उघडं असलं तरी जात नाही, कारण गेल्यावर काय होईल ते दारापेक्षा मोठं असतं. बोलताना मला जुना सूर सापडला होता. पण कोर्टात आपण बोलतो ते जसंच्या तसं उतरत नाही. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ऐकतात, त्यातलं कामाचं तेवढं एका वाक्यात टंकलेखकाला सांगतात आणि तेच कागदावर राहतं. माझ्या पाच मिनिटांच्या बोलण्याची तीन वाक्यं झाली. तीन तर तीन, मी म्हटलं, बरोबर आहेत.

मग आरोपीचे वकील उठले. तरुण, गोड बोलणारे. "मॅडम, आमची बहीण तुमची विद्यार्थिनी होती," अशी सुरुवात. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"एखादी बाई खुशीने परत गेली आणि एखादी भीतीने परत गेली, तर बाहेरून दोघी सारख्याच दिसू शकतात ना?"

"तेच तर मी मघापासून सांगते आहे!" मी म्हणाले. वर्गात एखाद्या मुलीला नेमकं कळलं की म्हणायचे, तशीच म्हणाले.

"म्हणजे नुसतं वागणं पाहून ही भीतीने गेली, असं म्हणता येणार नाही."

"नुसतं वागणं पाहून नाही. तिच्याशी बोलावं लागतं, मागचं पुढचं..."

"तुम्ही तिच्याशी बोललात?"

"नाही. मी मुद्दामच..."

"नाही. बस, मॅडम, धन्यवाद."

न्यायाधीश टंकलेखकाकडे वळले आणि सावकाश सांगू लागले. हे म्हणणे खरे आहे की, स्वेच्छेने परत जाणारी स्त्री व भीतीने परत जाणारी स्त्री यांचे वर्तन सारखे असू शकते. हे म्हणणे खरे आहे की, मी पीडितेशी बोललेले नाही. हे म्हणणे खरे आहे की, पीडिता भीतीने परत गेली असे मी सांगू शकत नाही.

छापलेला कागद सहीसाठी माझ्यापुढे आला. मी दोनदा वाचला. 'तिच्याशी बोलावं लागतं' हे त्यात नव्हतं, 'मुद्दाम' नव्हतं. पण जे होतं त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. कोर्टाला मध्येच टोकायचं नसतं, हेही वडिलांचंच. मी सही केली, आणि ती चांगली वळणदार आली.

व्हरांड्यात आले तर मुलगी उभीच होती. आता साक्ष झाली होती, बोलायला हरकत नव्हती. माझ्या शिस्तीची वेळ संपली होती ना!

"मॅडम, सांगतलं ना तुमी त्यायले, मी वापस कावून गेली ते?"

"तू कावून गेली, ते मलेच कुठे माईत आहे, बाई?" मी म्हणाले. घरातली बोली कशी तोंडात आली कोण जाणे.

ती चकित झाली. मला ठाऊक असणारच, असं ती धरून चालली होती. अमरावतीहून एवढी शिकलेली बाई आपल्यासाठी आली आहे म्हणजे सगळं माहीत करूनच आली असेल. मग तिने सांगितलं, एका दमात. "लहानीसाठी गेली ना मी. मावशी चारी दिवस आमच्या घरी येऊन बसे. लहानीले पुढ्यात घेऊन तिची वेणी घाले. मायले म्हणे, हिचेबी केस लांब होऊन राहिले, हिच्यासाठीबी एखादं घर पाहू. अन् माह्याकडे पाहून हासे. मंग मीच म्हटलं, मावशे, कवा निघाचं? मायनं ओटी भरली अन् मी बसमधी बसली."

"हे पोलिसायले कावून नाई सांगतलं?"

"त्यायनं इचारलंच नाई. मारलं का म्हणे, कोंडलं का म्हणे. घरी तं कोणं कोंडलं नव्हतं. कोर्टातबी तेच, बसमधी कोणं जबरीनं बसवलं का. नाई म्हटलं मी. कोणं बसवलंच नव्हतं."

तिची आई शेजारीच होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. तिने तोंडाला पदर लावला आणि ती भिंतीकडे वळली. ओटी तिनेच भरली होती.

मी तशीच परत आत धावले. सरकारी वकील पुढच्या खटल्याची फाईल काढत होते. मी भराभरा सांगितलं. त्यांनी फाईल खाली ठेवली. "पोलीस जबाबात हे नाही, मॅडम. तिच्या साक्षीत नाही. आता आणलं तर ते म्हणतील, मागाहून पढवलं. अर्ज करून पाहतो." मग अगदी हळू म्हणाले, "मी म्हटलं होतं, एकदा बोलून घ्या."

तिला पुन्हा बोलवावं असा अर्ज त्यांनी दिला, तो नामंजूर झाला. परतीच्या एस.टी.त आणि पुढे कित्येक दिवस मी मनात ती साक्ष पुन्हा पुन्हा देत राहिले. प्रत्येक वेळी मी ती बाटली घेत होते, दोन घोट पाणी पीत होते आणि बाकावर तिला जागा करून देत होते. एवढंच करायचं होतं मला. रडू यायचं, आणि रडणाऱ्या माझाच राग यायचा.

निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन मावशी सुटली. निकालपत्राची प्रत मी मागून घेतली. त्यात एक वाक्य असं की, सरकार पक्षाच्या तज्ज्ञ साक्षीदारानेच कबूल केले आहे... पुढे माझीच वाक्यं, जशीच्या तशी. तो कागद मी कुणाला दाखवला नाही.

गेल्या आठवड्यात मुलीचा फोन आला. माझा नंबर तिने वकिलांकडून घेतला होता. तक्रार नव्हती, उलट मी जेवले का, हेच आधी विचारलं. मग म्हणाली, मावशी गावात परत आली आहे. काल बसस्टॉपवर भेटली होती.

"मले काईच नाई म्हणाली. लहानीकडे पाहून म्हणाली, किती मोठी झाली वो पोरगी." मग तिने विचारलं, "मॅडम, मी आता लहानीले कुठी ठेवू?"

खाली क्लास सुटला होता आणि जिन्यात पोरं चपला शोधत होती. फळ्यावर मी आयुष्यभर बाण काढले होते. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आता कुठे हाये ती?"

"हे काय, माह्यापुढेच बसली हाये," ती म्हणाली. "वेणी घालून राहिली मी तिची."